नवनीतरावांची जीप चालू जाहली त्याची हकीकत

श्रोते सज्जन हो, तंबाखू थुंकोन सावध व्हावे. परगणे शहादे, मौजे ब्राह्मणपुरी, येथील डिझेल जीप चावीस सत्वर का रुजू होईना, याचा जो खल जाहला तो यथातथ्य लिहिला असे.

पौषाची थंडी ऐन भरात होती, आणि खासे नवनीतराव यांची कन्या सीमाबाई हीस नर्सभरतीच्या परीक्षेस नंदुरबारी जाणे होते. साडेनवास केंद्राचा दरवाजा बंद, मग कोणी कितीही रडो, उघडणे नाही. तीन वर्षांचा अभ्यास पणास लागला. सातची एसटी रावांनीच सोडावयास लाविली, की आमचे पदरी जीप असता कन्येने उभ्याने का जावे. मग आठास राव स्वार जाहले आणि चावी फिरविली, तो जीपने खर्र खर्र करोन मान टाकिली. मग इंजिन तापविणाऱ्या हीटरचा दिवा विझेतो धीर धरिला आणि पुन्हा फिरविली, आणि पुन्हा तेच. मग बॅटरी फितूर जाहली ऐसा निवाडा करोन तीस पदच्युत करण्याचा हुकूम सोडिला.

तो शेजारील ट्रॅक्टरवाले रतिलाल सरदार कुंपणावरोन वदले, “नवनीतभाऊ, हाई गाडी शे का खोकलाना दवाखाना?” राव अंतरी फार कष्टी जाहले, आणि कन्येकडे पाहण्याची छाती होईना.

जीप अडण्यास कारण ऐसे, की अंगण खोलात आणि सडक उंचावर. बॉनेटवर सोनेरी अक्षरी ‘सीमा’ लिहविले होते, ते येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावे म्हणोन राव जीप नित्य तोंड वर, शेपूट खाली ऐसी ठेवीत. हे मर्म रावांच्या पत्नी कौसाबाईसाहेबांनी झाडू टेकोन दरबारी मांडिले: “बाजारमा उतारवर लावतस, तवय एकच चावीमा चालू व्हस ना? आठे अंगणमा रातभर नाक वर! डिझेल मांगे टाकीमा उतरी जास. नाव दखाडाना नादमा पोरनी परीक्षा बुडाडशात का?”

हे ऐकताच कुंपण ओलांडोन रतिलाल सरदार पाठ टेकोन जीपेखाली शिरले, तो नळीचा जोड ढिला, तेथोन हवा आत शिरे आणि डिझेल माघारी पळे. सरदारांनी जोड आवळिला आणि आतोनच फर्माविले, “आते हातपंप मारा, भाऊ!” परंतु राव चावीच धरोन बसले. मग सीमाबाईने हॉल तिकीट दाती धरोन, इस्त्रीच्या ओढणीची पर्वा न करिता, फिल्टरवरील पंप ऐसा दाबिला की बुडबुडे सरोन नितळ डिझेल आले. राव चावी फिरविते जाहले, आणि जीप गर्जली, आणि धुराने कोंबड्या देशोधडीस लागल्या.

मग मौजे प्रकाशे येथे तापी ओलांडोन, नऊ वाजोन सव्वीस मिनिटी सीमाबाई दरवाजा पार जाहली. ऐसी फत्ते पावली. मात्र पुढील दोन तास पेपर सरेतो, रखवालदाराने तीनदा दटाविले तरी, इंजिन बंद करण्याचे धाडस रावांस जाहले नाही, ही नोंद सत्यास स्मरोन केली असे.