गळा, छाती, पोट, उजवा हात

टेलर मास्तरांनी एका गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितलं, की कोट बरोबर आहे, पोट चुकलंय. गिऱ्हाईक कोट तिथेच टाकून चालतं झालं. महिन्यातली ही तिसरी वेळ. संध्याकाळी मास्तरांच्या लेकीने बापाला समोर बसवलं.

“बाबा, राग येण्याआधी तुमच्या आत काय होतं, ते कधी पाहिलंय?”

“काय व्हायचंय? डोकं फिरतं.”

“आणि त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी डोकं जागेवर असतं.”

लेक दवाखान्यात समुपदेशक होती. दिवसभर लोकांची मनं उलगडायची आणि घरी आल्यावर हा असा बाप. तिने त्यांना एक छोटी वही दिली. रोज दुकान बंद करताना पाच मिनिटं बसायचं आणि तीन गोष्टी लिहायच्या: काय वाटलं, शरीरात कुठे वाटलं, कशामुळे वाटलं. “खोटं लिहायचं नाही, आणि कुणाला दाखवायचं नाही,” असा दमही तिने भरला.

मास्तर आठवडाभर इमानेइतबारे बसले. पहिल्याच प्रश्नाशी गाडी अडायची. ‘काय वाटलं?’ यापुढे रोज एकच शब्द: ‘ठीक.’ दुसऱ्या प्रश्नाला मात्र हात भराभर चालायचा. गळा, छाती, खांदे, पोट हेच शब्द ते चाळीस वर्षं लिहीत आले होते.

त्या सोमवारी छोटी वही नेमकी घरी राहिली, आणि त्याच दिवशी दुकानात दोन गोष्टी घडल्या. सकाळी शाळेचे हेडसर कोटाचं माप द्यायला आले. शाळेच्या पायरीवरून पडल्यामुळे त्यांचा उजवा हात झोळीत होता. शुक्रवारी पाच वाजता त्यांचा निरोप समारंभ होता आणि कोट चारपर्यंत हवा होता. दुपारी टाचणीबुवांनी तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या.

मास्तर घाबरलेच. टाचणीबुवा म्हणजे दुकानाचे कारागीर. बावीस वर्षं मास्तरांच्या उजव्या हाताला मशीनवर बसायचे. ओठांत कायम चार टाचण्या, त्यामुळे बोलणं फक्त ‘हं’ आणि ‘हूं’ एवढंच. दिवसभर मास्तर बोलायचे, बुवा हुंकार भरायचे, आणि दोघांचंही पोट त्यात भरायचं. टाचण्या निघायच्या त्या जेवायला किंवा संकटात, आणि जेवण तर होऊन गेलं होतं.

“मास्तर, शनिवारी मुलाकडे निघतोय. कायमचा. तो म्हणतो, आता पुरे झालं शिवणं.”

“मग जा की!” मास्तर कडाडले. “मी काय दोरीने बांधून ठेवलंय?”

बुवांनी टाचण्या परत तोंडात घातल्या. तिथून अबोला सुरू झाला.

संध्याकाळी मास्तर लिहायला बसले, तर हाताशी फक्त मापाची वही. हेडसरांच्या मापांखाली चार बोटं जागा होती. मास्तरांनी तिथेच लिहून काढलं. पान भरलं, म्हणून ‘कशामुळे’ मागच्या बाजूला गेलं.

मंगळवारी मास्तरांनी कापड बेतलं आणि तुकडे न बोलता बुवांसमोर ठेवले. बुवांनी बारकावे बघायला वही उघडली. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या, पण विचारणार कुणाला? अबोल्यात शंका विचारणं म्हणजे हार पत्करणं. मास्तरही काही कमी नव्हते. बुवांच्या हातातल्या कामाकडे त्यांनी तीन दिवस ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.

शुक्रवारी चारच्या ठोक्याला हेडसर आले. झोळी गेली होती आणि हातात भाषणाचे कागद होते. बुवा त्यांच्याकडे बघतच राहिले.

हेडसरांनी कोट चढवला. डावा हात गेला. उजवा हात आत शिरला आणि तिथेच चाचपडत राहिला, कारण बाहेर पडायला वाटच नव्हती. कॉलर कानांना टेकली होती. छातीत अख्खी उशी कोंबल्यासारखं वाटत होतं. खांदे खाली घसरले होते आणि पोटाशी कोट इतका आत घेतला होता, की हेडसर श्वास हप्त्याहप्त्याने घेत होते.

“मास्तर, मला निरोप द्यायचाय की बांधून न्यायचंय?”

“बुवा!” चार दिवसांचा अबोला मास्तरांनी एका आरोळीत मोडला. “उजवी बाही कुठाय?”

बुवांनी टाचण्या काढल्या. “वहीत बघा. अक्षर तुमचंच आहे.” मग हेडसरांकडे वळून म्हणाले, “सर, मला वाटलं हात कापावाच लागला. तुमच्यासाठी दोन दिवस घास गोड लागला नाही हो.”

हेडसरांनी मोकळ्या डाव्या हाताने वही ओढली आणि मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात वाचू लागले. “‘गळा: दाटलेला. छाती: भरून. खांदे: पडलेले. पोट: खड्डा. उजवा हात: गेल्यातच जमा.’ मास्तर, हे माझं माप?”

“नाही, ते... ते तुमचं नाही.”

“मग कुणाचं?”

मास्तर गळ्यातल्या टेपचे इंच मोजू लागले. हेडसरांनी पस्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. त्यांचं बोट पानाच्या कोपऱ्याकडे गेलं.

“सर, पान उलटू नका!” मास्तर ओरडले.

शिक्षकाला असं सांगितल्यावर दुसरं काय होणार?

“‘कशामुळे: बुवा चालले. मी जा म्हणालो. म्हणायचं होतं, नका जाऊ. त्यांच्याशिवाय मी बोलू कुणाशी?’”

बुवांनी टाचण्या उचलल्या, तोंडाशी नेल्या आणि पुन्हा खाली ठेवल्या. मास्तरांचे कान लालबुंद झाले होते.

“उत्तर बरोबर आहे, वही चुकली,” हेडसर म्हणाले. “दहापैकी सात. आता बाही लावा. मला पाचला दोन्ही हातांनी पोचायचंय.”

मग एकच धांदल उडाली. मास्तर टाके उसवत होते, बुवा मशीन पळवत होते आणि हेडसर बनियनवर उभे राहून भाषण घोकत होते. “गळा जरा सैल ठेवा,” ते मध्येच म्हणाले. “आज तिथे दाटणार आहे.”

“बुवा,” मास्तर मान वर न करता पुटपुटले, “ते खरं आहे. लिहिलेलं.”

“हूं,” बुवा म्हणाले. होकाराचा की नकाराचा, ते मास्तरांना बावीस वर्षांत पहिल्यांदाच कळलं नाही.

पाचला दहा कमी असताना हेडसर निघाले. छातीतला कापूस काढायला वेळ उरला नव्हता, त्यामुळे ते एखाद्या सेनापतीसारखे छाती काढून समारंभाला गेले. मास्तर तसेच घरी गेले. कुलूप बुवांनी लावलं.

शनिवारी मास्तरांनी दुकान उघडलं. उजवीकडची खुर्ची रिकामी होती. तिकडे बघायचं नाही असं ठरवून ते टेबलाशी आले, तर मापाची वही उघडीच पडलेली. त्यांच्या मजकुराखाली बुवांचं वाकडंतिकडं अक्षर होतं.

‘गळा: सैल केला. छाती: भरलेली बरी, राहू दे. उजवा हात: जोडला. मुलाला भेटून येतो. ट्रायल सोमवारी.’

मास्तरांनी ते चारदा वाचलं. मग संध्याकाळची वाट न बघता खिशातून छोटी वही काढली. ‘काय वाटलं?’ यापुढे सवयीने ‘ठीक’ लिहिलं, खोडलं आणि ‘आनंद’ लिहिलं. ‘शरीरात कुठे?’ यापुढे क्षणभरही थांबावं लागलं नाही.

‘उजव्या हातात.’