आईच्या वरच्या दाढांबाबतचे इतिवृत्त

साठीनंतर माणसाच्या शरीराचा कोणताही भाग त्याच्या एकट्याच्या मालकीचा राहत नाही. तो घराच्या सामाईक मालमत्तेत जमा होतो आणि त्याची देखभाल, दुरुस्ती किंवा विल्हेवाट सर्वांच्या संमतीने लावली जाते. ही पद्धत अत्यंत न्याय्य आहे. (अपवाद वडिलांचा. त्यांचे अवयव शेवटपर्यंत त्यांचेच राहतात. असं का, हे आमच्याकडे अजून कुणी विचारलेलं नाही.)

आमच्या आईने बहात्तराव्या वर्षी डाव्या बाजूच्या वरच्या तीन दाढा मागितल्या. मागितल्या म्हणजे एका रविवारी चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "मला जरा या बाजूच्या दाढा बसवून घ्यायच्यात. पक्क्या, स्क्रूच्या. चावता येत नाही." आणि कप घेऊन आत गेली. तिची अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली. त्यामुळे स्वतःचं बोलणं दोन वाक्यांत आटपायची तिला सवय आहे. आम्हाला ती नाही.

लगेच एक कौटुंबिक समिती नेमण्यात आली. अध्यक्षपदी दादा. तो विमा कंपनीत आहे आणि कोण किती जगेल याचे तक्ते त्याच्या बॅगेत असतात. ताई परगावी असते, त्यामुळे फोनवरून सदस्य. बाबा कायम निमंत्रित. मी नगरपालिकेत कारकून असल्यामुळे चिटणीस. आई चहा करत असल्यामुळे तिची संमती गृहीत धरण्यात आली.

पहिल्या बैठकीत 'आता या वयात' हे शब्द एकूण एकतीस वेळा उच्चारले गेले (दादा चौदा, ताई नऊ, बाबा सहा, अस्मादिक दोन). बाबा त्या वेळी एकोणऐंशीचे होते. त्यांच्या गुडघ्यात नवा सांधा होता, दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं होती आणि दोन्ही कानांत यंत्रं. यांपैकी एकाही वस्तूसाठी कधी बैठक झाली नव्हती, कारण त्या वस्तू आवश्यक होत्या. चावणं ही आवश्यक गोष्ट आहे की नुसती हौस, यावर मात्र समितीत मतभेद होते. बाबांनी भाजलेले दाणे खात खात मऊ अन्नाचे फायदे सांगितले. ताईने मऊ पदार्थांची सतरा नावांची यादी पाठवली. यादीत केळं दोनदा आलं होतं.

तरीही तज्ज्ञांचं मत घ्यावं म्हणून आम्ही आईला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी एक्स-रे उजेडात धरून समजावलं. वरच्या दाढांच्या डोक्यावर, गालामागे, एक पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. दाढा गेल्या की खालच्या हाडाला काही काम उरत नाही. ते झिजत जातं आणि पोकळी खाली उतरते. आईकडे आता पाच मिलिमीटर हाड होतं. तेवढ्यात स्क्रू नीट बसत नाही. म्हणून त्या पोकळीचं अस्तर हलकेच वर उचलायचं, खाली हाडाची भुकटी भरायची, ती घट्ट व्हायची वाट पाहायची आणि मग वर दाढा बसवायच्या.

"म्हणजे माळा वर सरकवायचा," दादा म्हणाला.

"तसंच काहीसं," बाई म्हणाल्या. "या दाढा काढल्या कधी?"

दादाच्या अंदाजाने दोन-तीन वर्षं झाली असावीत. ताईचं फोनवरून म्हणणं पडलं, की दाढा मुळात गेल्या आहेत हेच तिला नव्याने कळतंय. बाबांनी कानातलं यंत्र तपासायला घेतलं.

"अकरा वर्षं झाली," खुर्चीत आडवी पडलेली आई म्हणाली. "यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं ना, त्या आठवड्यात. फार ठणकत होत्या, आणि मला तर हॉस्पिटलात थांबायचं होतं. मग काढूनच टाकल्या."

मला फार वाईट वाटलं. (इतिवृत्तात तशी नोंद नाही. भावनांसाठी रकाना नव्हता.)

दादाने मुद्द्याचा प्रश्न विचारला: हे सगळं किती वर्षं टिकेल? नीट निगा राखली तर वीस वर्षं सहज, असं बाईंनी सांगितलं. इथे प्रकरण गंभीर झालं. दादाने बॅगेतून तक्ता काढला. बहात्तर वर्षांच्या स्त्रीची सरासरी उरलेली वर्षं १३.२. हाड घट्ट व्हायला नऊ महिने वजा. निव्वळ चावण्याजोगी वर्षं १२.४ (अंशांश सोडून). म्हणजे आईच्या पश्चात दाढा साडेसात वर्षांहून जास्त काळ रिकाम्या बसणार. कोणत्याही जबाबदार घराला अशी उधळपट्टी मान्य होणार नाही. दादाने बाराच वर्षं टिकणारी दाढ मिळेल का, असं विचारलं. बाईंनी एक्स-रे पाकिटात घातला. मग म्हणाल्या, "तशी येत नाही."

सबब, विषय एक वर्षासाठी पुढे ढकलण्यात आला.

वर्षाने पुन्हा एक्स-रे काढला. हाड चार मिलिमीटर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी स्क्रूसाठी पाडायच्या भोकातूनच काम झालं असतं, आता बाजूच्या हाडाला खिडकी पाडावी लागेल. आणखी थांबू नका. समितीने या सूचनेचं स्वागत केलं आणि थांबायचं ठरवलं. त्यामागचा विचार सरळ होता. उशीर झाल्यामुळे काम वाढलं, काम वाढल्यामुळे नीट विचार करणं भाग पडलं, आणि नीट विचार करायचा म्हणजे वेळ लागणारच. हाड याच गतीने झिजलं तर आणखी चार वर्षांनी ते शून्यावर येईल आणि प्रश्न आपोआप निकाली निघेल, हे दादाने आलेख काढून दाखवलं. आलेख सुबक होता.

आई कप गोळा करताना त्यावर वाकली. "ही खाली येणारी रेघ माझी का?"

"नाही गं, ती हाडाची. तुझी ही तुटक."

"बरं," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

पुढच्या मंगळवारी आई ग्रंथालयात जाते म्हणून बाहेर पडली आणि संध्याकाळी परतली. तिचा गाल सुजला होता. चार दिवस ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ती तीन उशा घेऊन झोपते हेही नाही. पाचव्या दिवशी ती शिंकली.

आईची शिंक आम्ही त्याआधी ऐकली नव्हती. ती नेहमी नाक दाबून, आतल्या आत, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने शिंकायची. त्या दिवशी तिने तोंड पूर्ण उघडलं. बाबांच्या कानातली दोन्ही यंत्रं किंचाळली. दादाच्या हातातला चहा तक्त्यावर सांडला.

चौकशीत तिने एक कागद पुढे केला. त्यावर डॉक्टरीणबाईंचे आदेश होते: तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, डोकं उंच ठेवून झोपायचं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. सोबत शस्त्रक्रियेच्या अर्जाची प्रत होती. 'जबाबदार नातेवाईक' या रकान्यात आईच्या वळणदार अक्षरात 'स्वतः' असं लिहिलं होतं.

"सांगायचं तरी आम्हाला," दादा म्हणाला.

"सांगितलं होतं की. रविवारी. सव्वा वर्ष झालं."

आईने आदेश अक्षरशः पाळले. तीन आठवडे घरातले कप जिथे प्यायले तिथेच राहिले. ते आपले आपण आत जात नाहीत, ही माहिती समितीला नवीन होती.

सगळं मिळून दहा महिने गेले, आणि तीन दाढा बसल्या. त्या संध्याकाळी आई आमच्याबरोबर टेबलाशी जेवायला बसली. ती इतकी वर्षं स्वयंपाकघरात, ओट्याशी उभी राहून जेवायची. तिला तसंच आवडतं, असं आमचं एकमत होतं. भिजवलेलं, कुस्करलेलं खाणं कुणाला दिसू नये म्हणून ती आत थांबायची, हे मला तिला बघतानाच कळलं. तिने बाबांच्या वाटीतले मूठभर दाणे उचलले, डाव्या गालात टाकले आणि डोळे मिटून चावायला लागली. बराच वेळ.

"आवाज येतोय," बाबा म्हणाले.

"येऊ दे," आई म्हणाली आणि आणखी मूठभर घेतले.

समिती त्याच आठवड्यात बरखास्त झाली. तिचे कागद मात्र उत्तम स्थितीत आहेत आणि गरजू कुटुंबांना नमुन्यादाखल देता येतील. अर्ज सोपा आहे. पहिल्याच ओळीत एवढंच भरायचं: तुमच्या आईच्या तोंडात आज किती दाढा आहेत? वरच्या, खालच्या, वेगवेगळ्या लिहाव्यात. अंदाज चालणार नाही.

आठवत नसेल तर फोन करून विचारायला हरकत नाही. पण त्याचा उपयोग होईल असं वाटत नाही. त्या म्हणतील, "आहेत की सगळ्या. तुझं जेवण झालं का?" आणि तुम्ही तुमच्या जेवणाबद्दल सांगायला लागाल.