पिवळ्या छत्रीची मिरवणूक

आमचं शहर दाखवावं तर मीच! विद्यापीठाच्या फाटकासमोर वीस वर्षं माझं चष्म्याचं दुकान आहे. निम्म्या प्राध्यापकांना जग दिसतं ते माझ्या कृपेने! म्हणून सासरे पहिल्यांदाच राहायला आले, तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, "बाबा, गाइड कशाला? मी आहे ना!"

सासरे म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. लग्नापासून त्यांनी माझं काहीही वाखाणलेलं नव्हतं. "तुमच्या शहरात आहे तरी काय, जावईबापू?" हा प्रश्न दर भेटीत ठरलेला. आज त्यांच्या तोंडून एकदा तरी 'वा!' काढायचाच, असा मी विडा उचलला.

गर्दीत चुकामूक नको म्हणून बायकोची पिवळी छत्री उंच धरली. "बाबा, छत्रीवर नजर ठेवा!"

घड्याळाचा मनोरा झाला. सासरे म्हणाले, "आमच्या शाळेच्या घड्याळाला सेकंदकाटाही होता." दगडी पूल झाला. "नदी जरा अरुंदच दिसते." आता मात्र मी पेटलो! ग्रंथालयासमोर उभा राहून असा काही बोललो, की मागून टाळ्या पडल्या.

वळून बघतो तर तीसचाळीस पर्यटक! त्यांच्या गाइडकडेही पिवळीच छत्री असणार. सांगून टाकायला हवं होतं. पण एक बाई सासऱ्यांना म्हणाल्या, "किती छान माहिती देतात हो हे!" आणि सासऱ्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. अशा वेळी खरं कोण बोलेल?

"चला, आता पदवीदानाचं सभागृह!"

आमच्या विद्यापीठाची एक जुनी रीत आहे. पदवीदानाला सर्वांत पुढे एकजण चांदीचा दंड उभा धरून चालतो, मागे पाहुणे आणि प्राध्यापक. तो दंड दिसला की अख्खं सभागृह उभं राहतं. रीत मला तोंडपाठ होती. पदवीदान आजच आहे, एवढंच ठाऊक नव्हतं!

दारावरचा रखवालदार माझंच गिऱ्हाईक. त्याचा चष्मा नेमका माझ्या दुकानात दुरुस्तीला पडलेला! त्याला दिसलं ते एवढंच: हातात काहीतरी उभं धरलेला माणूस, मागे काळ्या कोटातले सासरे, त्यांच्यामागे ही रांग. त्याने दार सताड उघडलं. बँड वाजला. हजारभर माणसं ताडकन उभी राहिली!

"बाबा, परत फिरा!" मी कुजबुजलो.

"आता? एवढी माणसं उभी आहेत आपल्यासाठी!" सासरे ताठ मानेने मंचावर चढले आणि मधल्या खुर्चीत बसले. पर्यटकांनीही मिळेल ती खुर्ची पकडली.

तेवढ्यात समोरच्या दारातून खरा दंड आला. चांदीचा! मागे कुलगुरू, आणि त्यांच्याही मागे माणसं शोधत धावत आलेला खरा गाइड. दोघातिघांनी माझं बखोट धरून मला बाहेर काढलं. सासऱ्यांना उठवायची मात्र कुणाची छाती झाली नाही. मुख्याध्यापकांना खुर्चीत बसायचं शिकवावं लागत नाही!

समारंभ संपेपर्यंत मी पायऱ्यांवर गाइडच्या शिव्या खात बसलो. शेवटी सासरे बाहेर आले. हातात पुष्पगुच्छ, आणि निरोप द्यायला साक्षात कुलगुरू!

"वा!" सासरे म्हणाले.

काय सांगू, माझा ऊर भरून आला!

"वा, जावईबापू! काय ते छत, काय त्या रंगीत काचा! मानलं तुमच्या शहराला!" मग त्यांनी मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हीही एकदा आत जाऊन बघा हो. असं पायरीवर बसून काय कळणार?"