कोंड्याचा आळ

लाडोबाच्या खाजेचा आळ आजोबांच्या डोक्यावर आला तो सकाळच्या चहालाच. कुत्रा कान आणि काखा खाजवून लालेलाल झाला होता. अंगावर यीस्ट नावाची बुरशी वाढलीय, एवढं कळलं होतं, आणि सूनबाईंनी मोबाइलवर वाचलं होतं की यीस्टच्याच भाऊबंदांमुळे माणसाच्या डोक्यात कोंडा होतो.

"बाबा, राग मानू नका, पण तुम्ही आणि लाडोबा एकाच उशीवर झोपता."

आजोबांनी कप खाली ठेवला. उभा जन्म सलूनमध्ये काढलेला, गावभराचा कोंडा उतरवलेला, आणि आता त्यांच्याच डोक्याला नावं? पण बोलण्यापेक्षा शिक्षा भारी होती. लाडोबाची रवानगी सुनेच्या खोलीत झाली. तो दाराआडून कुईकुई करायचा आणि इकडे सोफ्यावर आजोबा रात्रभर कूस बदलत राहायचे.

शेवटी त्यांनी वस्तरा काढला आणि डोक्याचा तुळतुळीत गोटा केला. "आता शोधा कोंडा," म्हणत ते सुनेच्या खोलीत शिरले. लाडोबाने हा गुळगुळीत परका इसम पाहिला आणि भुंकून भुंकून घर डोक्यावर घेतलं.

दवाखान्यातही तेच भुंकणं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना ओरडूनच बोलावं लागलं. "यीस्ट याला कुणी दिलेलं नाही. ते कुत्र्याच्या कातडीवर असतंच, निमूट राहतं. याला अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे याचं शरीर घरच्यालाच चोर समजून त्याच्यावर तुटून पडतं. खाज होते ती त्या भांडणाची."

"घरच्यालाच," आजोबा छताकडे बघत म्हणाले. "कमाल आहे."

सूनबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

खात्रीसाठी कातडीत यीस्टचा थेंबभर अर्क टोचून बघायचा होता. त्यासाठी कुशीवरचे केस काढायला मशीन सुरू झालं आणि लाडोबा टेबलाखाली पसार झाला.

"द्या इकडे," म्हणत आजोबा खाली बसले. गिऱ्हाइकाची मान वळवावी तसं त्यांनी त्याच्या कानामागे बोट ठेवलं आणि सवयीने विचारलं, "बारीक की मध्यम?"

लाडोबाने बोट हुंगलं. भुंकणं अर्ध्यावर थांबलं, शेपटी हलू लागली, आणि मग त्याने आजोबांचा अख्खा गोटा चाटून काढला. आजोबांना इतका आनंद झाला की चष्मा पुसावा लागला.

केस आजोबांनीच उतरवले. यीस्ट टोचलेली जागा टम्म फुगली, म्हणजे अ‍ॅलर्जी पक्की. औषधी शाम्पू आणि इंजेक्शनं मिळाली, हळूहळू बरा होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर सूनबाईंनी स्वतःच सोफ्यावर उशी मांडली. "चुकलं माझं, बाबा." लाडोबा उडी मारून आजोबांना बिलगला. त्याला थोपटायला त्या वाकल्या, तसा आजोबांनी हात आडवा घातला.

"थांब. आधी डोकं दाखव."