आप्पांच्या परसातली पाखरं

लोक शेजाऱ्याकडे साखर मागतात, विरजण मागतात. आमचे भिकन आप्पा कचरा मागतात. सकाळी चहाचा चोथा, दुपारी भाजीची देठं, संध्याकाळी इथल्या, सुरतेच्या पर्वत पाटियाच्या रसवाल्याकडून उसाच्या चिपाडाचं पोतं. एकदा माझ्या बायकोने अंड्याची टरफलं फेकून दिली, तर दोन दिवस तिच्याशी अबोला. ‘पैसा नही, डोकं लागस!’ हे त्यांचं ब्रीद. तेही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, कारण पस्तीस वर्षं कापड विणायच्या लूमच्या खडखडाटात काढून त्यांचे कान कामातून गेलेत.

हा सगळा खटाटोप घरामागच्या दोन खाटांएवढ्या परसासाठी. तिथं नुसता विटांचा राडारोडा होता. तो आप्पांनी एकट्याने उपसला, रंगाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून मिरच्या लावल्या, कारखान्यातल्या टाकाऊ सुताचा मांडव करून दोडका चढवला.

कशासाठी, ते त्यांनीच मला सांगितलं, म्हणजे गल्लीलाही कळलं. त्यांची बायको, जिजी, सगळा जन्म गावी, पारोळ्याकडं शेत बघत राहिली आणि हे इथं आठजणांच्या खोलीत. आता घर झालं, शेत वाट्याने दिलं, तरी जिजी सुरतेत आठ दिवसांवर टिकत नाही. ‘आठे सकाय कशी व्हस तेच समजत नही. एक पाखरू बोलत नही,’ म्हणते आणि पिशवी भरते. आप्पांना उरलेले दिवस तिच्यासोबत काढायचे होते. बस, एवढंच.

आता गंमत ऐका. माती ओली राहावी म्हणून त्यांनी वाफ्यात साड्यांच्या चिंध्या पुरल्या. गावाकडं जुनं लुगडं पुरलं की पावसाळ्यात त्याची माती होते, हा हिशोब. पावसाळा सरला, खणून बघतात तर आत गुलाबी साडीचा तुकडा, काठासकट, जसाच्या तसा!

मी म्हटलं, ‘अहो आप्पा, पॉलिस्टर आहे ते! जन्मभर तुम्हीच विणलं ना?’

त्यांनी कपाळावर हात मारला आणि वर छाती फुगवून म्हणाले, ‘पक्कं विनेल शे ना बापा!’

मग सगळ्या चिंध्या उपसून काढल्या आणि चिपाडं अंथरली.

पाखरांचे मात्र नको तेवढे लाड. फुटक्या माठाच्या खापरात पाणी, मांडवाखाली बाजरीचे दाणे. पहिला टोमॅटो पिकला तो बुलबुलाने फोडला, तर हे खूश! ‘पहिले पाखरेसले, मंग मानसेसले.’ मला दोन वर्षं भरताच्या वांग्याचं आमिष दाखवलं होतं. वांगी धरली, आणि नेमकी त्याच झाडाची पानं शिवून शिंपी पक्ष्याने घरटं केलं, आप्पांचंच सूत वापरून. झालं! झाडाला हात लावायची बंदी. हाताएवढी वांगी माझ्या डोळ्यांदेखत पिवळी पडून गेली. मनातल्या मनात मी त्या पक्ष्याला बऱ्याच शिव्या दिल्या.

घरट्यात पिलं झाली आणि जिजी आली. आप्पा दिवस मोजत होते, चेहरा उतरत चालला होता. आठव्या दिवशी सकाळी जिजीच्या सांगण्यावरून मी रिक्षा आणली आणि पिशवी उचलायला आत गेलो.

दोघं परसात, चिपाडाच्या पोत्यावर बसलेली. आप्पा वांग्याच्या झाडाकडं बोट करून ओरडत होते, ‘बोलस का? आते बोलस का?’

जिजीने त्यांच्या कानाला तोंड लावलं. ‘टुवी-टुवी करस. आते चूप. ती आली दखा चारा लई, आते पिलं वरडतस.’

आप्पा मान डोलावत होते, डोळ्यांत पाणी. मला एकदम कळलं. या माणसाने दोन वर्षं खपून पाखरं जमवली, त्यातलं एकही त्याला कधी ऐकू आलं नव्हतं. भिंतीला भिंत लागून राहतो मी, पण पाखरं ऐकू येतात का, एवढं साधं विचारलं नाही कधी. लाज वाटली. मी हळूच म्हटलं, ‘जिजी, रिक्षा आलीय.’

जिजीने वर पाहिलंसुद्धा नाही.

‘जाऊ दे तिले,’ ती म्हणाली. ‘मी गऊ ते यासले कोन सांगी?’