सेतुमामांचा निळा दगड आणि विभूती

सेतुमामांकडे कॉफी प्यायला गेलं, की पहिली वाफ दगडाला मिळते, दुसरी पाहुण्याला.

हे माझे घरमालक, तंजावरी मराठी, शाळेतले निवृत्त विज्ञानशिक्षक. मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी नाशिकहून चेन्नईला आलो आणि वेस्ट मांबलममध्ये त्यांच्या वरच्या खोलीत राहू लागलो. पहिल्याच दिवशी मामांनी निळा खडा माझ्या कॉफीच्या वाफेवर धरला.

"हेमिमॉर्फाइट. जस्ताचा दगड. ऊन केला की विजेचा भार येतो, विभूती उडून चिकटते. सायन्स आहे हो, अंधश्रद्धा नव्हे!"

मग देवघरातल्या विभूतीची चिमूट केळीच्या पानावर. खडा वर. आम्ही दोघं श्वास रोखून. विभूती ढिम्म.

"उडाली, उडाली!" स्वयंपाकघरातून मामी ओरडल्या. त्यांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

"पाहिलेंत?" मामा विजयी मुद्रेनं म्हणाले. माझी कॉफी तोवर गार झाली होती.

मामांना सगळीकडे जस्तच दिसायचं. बादलीला गंज नाही? जस्त! माझ्या घामोळ्यांवरचं गुलाबी औषध? जस्त! टी. नगरच्या बाजारात असाच निळा दगड कोणी फिरोजा म्हणून विकत असेल, तर मामा खिशातला चाकू काढून म्हणत, "ओरखडा काढूं द्या, कळेल." दुकानदार त्यांना पाहिलं की ट्रे आत ठेवत.

"ह्याच्या स्फटिकाचें एक टोंक बोथट, दुसरें अणकुचीदार," मामा सांगत. "आमच्या घरांत अणकुचीदार कोण, तें विचारूं नका." आतून भांडं आपटल्याचा आवाज येई.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मामा साडी आणायला टी. नगरला गेले आणि हा दगड घेऊन आले, ही गोष्ट मामी प्रत्येक पाहुण्याला सांगत. सांगताना जाम चिडत, आणि दगड रोज पुसून ठेवत.

गेल्या वर्षी मामी गेल्या. महिनाभर दगड फडताळात होता. मग एका संध्याकाळी मामांनी मला बोलावलं. स्वतः केलेली पाणचट कॉफी, वाफ, विभूती, सगळं यथासांग झालं. मामा मात्र विभूतीकडे पाहतच नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होते.

"मामा, आज हवा दमट आहे," मी उगाच म्हणालो.

"रोजच दमट असते. असल्या हवेंत भार टिकत नाही. इथें विभूती कधीं उडालीच नाही, मज पहिल्या दिवाळीपासून ठावें आहे." ते खडा चोळत राहिले. "साडी नाही म्हणून ती रडत होती. मी हा प्रयोग दाखविला. कांहींच झालें नाही. तर डोळे पुसून म्हणाली, उडाली. तेवढें ऐकायला करीत होतों."

मी पेला विसळायला म्हणून आत गेलो, नळ सोडला आणि पाठमोराच ओरडलो, "उडाली, उडाली!"

बाहेर मामांनी नाक शिंकरलं.

"पाहिलेंत?" ते म्हणाले. "सायन्स आहे हो."