बेवारस आजोबा

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं जुनी माणसं सांगत. कुलूपवाल्याचं कूळ शोधू नये, असं मात्र कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे आबांचा मोतीबिंदू पिकला, तेव्हा सरकारी नेत्र रुग्णालयाने डोळा तपासण्याआधी घराणं तपासायला घेतलं.

आबा म्हणजे कुलूपवाल्याचे वडील. हयातभर कानसीने किल्ल्या घासल्या, आता दुकानाच्या दाराशी बसून येणाऱ्याला पावलावरून ओळखायचे. शस्त्रक्रिया फुकट होती, पण नवा आदेश निघाला होता: अर्ज करणाऱ्याने आपल्या पणजोबांपर्यंतचे पूर्वज सिद्ध केल्याशिवाय कोणाच्या डोळ्याला हात लावायचा नाही. ज्याला आपलं मागचं ठाऊक नाही त्याला पुढचं दाखवून उपयोग काय, असं कारणही खाली छापलं होतं. आदेशाला कारण असलं की माणसाची तक्रार संपते.

कुलूपवाला वंशपडताळणी कक्षात गेला. खिडकीतल्या कारकुनाने चार पिढ्यांची नावं यंत्रात घातली, बटण दाबलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"चार माणसं घातली, दोनच आली."

"असं कसं?"

"दुबार नावं यंत्र काढून टाकतं. तुमच्या घरात नावं तरी किती आहेत?"

नावं दोनच होती. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं, ही त्या घराण्याची रीत. कुलूपवाल्याला आजोबांचं नाव, आबांना त्यांच्या आजोबांचं. पिढ्यान् पिढ्या दोन नावांवर भागलं होतं आणि कोणाची गैरसोय झाली नव्हती. आजोबांना मारलेली हाक नातवालाही लागू पडायची, एवढंच.

"म्हणजे नोंदीप्रमाणे तुमचे वडील तुमचे वडील आहेत, आणि तुम्ही त्यांचे," कारकून म्हणाला. "घरात भांडण झालं तर ऐकतं कोण?"

"अहो, ती वेगळी माणसं आहेत!"

"असतील. पण यातला एक तुम्ही लहान असतानाच वारला आहे, नाव तुमचंच. दुसरा त्याच्याही आधी गेला, नाव तुमच्या वडिलांचं. मृत व्यक्तीचा मोतीबिंदू काढता येत नाही."

"मग मी इथे उभा कसा?"

"तेच म्हणतोय. चुकीच्या रांगेत उभे आहात. मृतांची खिडकी पलीकडे."

पलीकडच्या खिडकीवर याच्याहून मोठी रांग होती आणि तिथली माणसं डबे उघडून जेवत होती. कुलूपवाल्याने सरळ साहेबांची खोली गाठली.

साहेबांच्या मागे भिंतभर त्यांचे पूर्वज टांगलेले होते. दोन सेनापती, एक प्रधान आणि वर अगदी छताला टेकलेला कोणीतरी सम्राट. एकाचं नाव दुसऱ्यासारखं नव्हतं. कुलूपवाल्याने पिशवीतून आपला एकुलता एक पुरावा काढला, एक जुना फोटो. आजोबा स्टुलावर बसलेत, मिशा कानापर्यंत गेलेल्या, आणि मांडीवर वर्षभराचं पोर, तोंडात किल्ली.

"हे आजोबा. मांडीवर मी. दोन माणसं आहेत की नाही, तुम्हीच सांगा साहेब."

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं त्याला वाटलं. साहेबांनी फोटो उलटा करून पाठही बघितली.

"फोटोत दोन माणसं आहेत हे मान्य. ती कोण, हे सांगणारा साक्षीदार लागेल. दोघांनाही ओळखणारा."

असा माणूस जगात एकच उरला होता. दुसऱ्या दिवशी कुलूपवाला आबांना हाताला धरून घेऊन आला. साहेबांनी फोटो त्यांच्या नाकासमोर धरला.

"काय दिसतं?"

आबांनी फोटोवरून अंगठा फिरवला. "हा माझा बाप. मांडीवर माझं पोरगं. फोटोवाला ओरडून दमला, पण या पठ्ठ्याने तोंडातली किल्ली काही सोडली नाही. शेवटी बाप म्हणाला, राहू दे, धंद्याची चव लागतेय त्याला."

"ते ठीक. पण दिसतंय का?"

"दिसत असतं तर इथे झक मारायला आलो असतो का, साहेब?"

साहेबांनी शांतपणे शेरा लिहिला. "साक्षीदाराला दिसत नाही. साक्ष बाद. शस्त्रक्रिया करून घ्या आणि मग या."

"पण शस्त्रक्रियेसाठीच तर दाखला हवाय!" कुलूपवाला काकुळतीला आला.

"मग दाखला घेऊन शस्त्रक्रिया करा. आधी काय करायचं ते तुम्ही ठरवा, आमची कशालाच हरकत नाही." आणि निघता निघता साहेब हळूच म्हणाले, "खाली दुकान आहे. मीही तिथूनच घेतले."

घोडं कुठे पेंड खातं ते आता कळलं. फोटो फायलीत राहिला आणि कुलूपवाला जिना उतरला.

खालच्या दुकानात पूर्वज मांडून ठेवले होते, चौकटीसकट. दुकानदार अदबशीर होता. "योद्धा दाखवू की विद्वान? योद्ध्यांना मागणी फार. मिशा असतात ना."

"कारागीर असेल तर बघा. कुलूपवाला वगैरे."

"काका, चेष्टा करता का? कारागीर कोण घेतो? आहेत ते लोक गुपचूप इथे आणून टाकतात."

शेवटी आजोबा म्हणून एक राजवैद्य पसंत पडला, आणि त्याच्यामागे पणजोबा म्हणून एक किल्लेदार. किल्लेदाराचा निदान किल्ल्यांशी संबंध असावा, अशी कुलूपवाल्याने मनाची समजूत घातली. पण घरी येताना त्याला स्वतःची लाज वाटली. बायको म्हणाली, "अहो, डोळे आबांचे आहेत. आजोबा समजून घेतील." यंत्राने चारही माणसं मुकाट्याने स्वीकारली आणि आठवड्याच्या आत आबांचा डोळा झाला.

पट्टी सुटली. आबांनी सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, मुलगा म्हातारा दिसतो म्हणून हसलेही. मग भिंतीवरच्या राजवैद्यावर नजर थांबली.

"हा कोण टिकोजीराव?"

"आजोबा," कुलूपवाला खाली मान घालून म्हणाला. "मंजूर झालेत."

आबांनी राजवैद्याकडे पाठ फिरवली. "माझ्या बापाचा फोटो आण," ते म्हणाले. "अरे, त्याचा चेहरा मला आठवेनासा झालाय. डोळा त्याच्यासाठीच करून घेतला मी. तुझं थोबाड काय, हातानेही कळतं."

कुलूपवाला धावतच कक्षात गेला. कारकुनाने फाईल उघडली.

"तुमचे आजोबा राजवैद्य. या फोटोतल्या इसमाशी तुमचा काही संबंध नाही. संबंध नसलेले फोटो बेवारस म्हणून खाली विकतो."

"अहो, त्याच्या मांडीवर मी आहे!"

"एक मूल दोन आजोबांच्या मांडीवर? पुन्हा दुबार होईल हो."

खालचा दुकानदार मात्र त्याला बघून खूश झाला. "तो मिशावाला ना? काय सांगू काका, हातोहात गेला! प्रती काढून काढून थकलो. कोणी सेनापती म्हणून नेला, कोणी न्यायाधीश म्हणून."

"आणि मूळ फोटो?"

"तोही गेला की. काळजी करू नका, चांगल्या घरी पडलाय. कोणाच्या ते विचारू नका, आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाची अब्रू असते. पोर तेवढं काढता आलं नाही. म्हाताऱ्याचा हात त्याच्या पोटाशी घट्ट आहे."

कुलूपवाला अजून शोधतोय. मोठ्या घरचं कुलूप अडलं की मजुरी न विचारता जातो, काम संपलं की पाणी मागतो आणि पाणी येईपर्यंत भिंतीकडे बघत उभा राहतो. आबा दुकानाच्या दाराशी बसलेत. आता त्यांना रस्ता पार कोपऱ्यापर्यंत दिसतो, आणि मुलगा कोपऱ्यावर आला की ते आधी त्याच्या हातांकडे बघतात.

तुम्ही इतका वेळ हसलात, बरं वाटलं. आता जरा उठा. तुमच्या बाहेरच्या खोलीत ते मिशावाले पणजोबा आहेत ना, पाहुण्यांना आवर्जून दाखवता ते? त्यांच्या मांडीवरच्या पोराच्या तोंडात काय आहे, तेवढं बघून घ्या. आणि किल्ली असेल तर दाराचं कुलूप बिघडेपर्यंत थांबू नका.